डांगरी कुणाची

माझ्या दुकानात डांगरी दुरुस्तीला टाकलेलं गिऱ्हाईक पळून जाऊ शकत नाही. कारखान्यात घालायचा हा अंगभर पोशाख बहुतेकांकडे एकच असतो. दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, बॉयलरवर कामाला. त्या दुपारी गुडघ्याला ठिगळ लावायचं म्हणून त्यांनी डांगरी उतरवून दिली आणि माझी चादर गुंडाळून बाकड्यावर बसले.

कोपऱ्यातल्या बादलीत नवं जाडं सुती कापड भिजत होतं. न भिजवता बेतलं तर ते पहिल्याच धुण्यात आटतं. एका गिऱ्हाइकाची डांगरी अंगातच इतकी आटली, की घरी गेल्यावर बायकोनं त्याला धाकटा दीर समजून पाणी दिलं. असो.

दाजींनी बादलीकडे बघून हे कुणाचं विचारलं. भाचीचं, म्हटलं. त्यांचं तोंड कडू झालं.

भाचीला वेल्डरची नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि फोरमननं बजावलं होतं की डांगरीशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. दाजींना नोकरी चालत होती, डांगरी चालत नव्हती. हा शब्दच मुळी गड्यांचा, असा त्यांचा हेका. बहीण समजावून थकली, पोरीनं अबोला धरला, हे ढिम्म. आज ते मला पोरीची डांगरी शिवू नका म्हणून सांगायलाच आले होते. ठिगळ आपलं निमित्त.

मी सुई सावकाश चालवली. शब्द गड्यांचा कसा, ते आधी बघू म्हटलं. एका राजाच्या पदरी म्हणे असा पहिलवान होता, की शिंकला तरी सदरा उसवायचा. दाजींनी तोंड फिरवलं. मग दुसरी काढली. एका हत्तीला झूल टिकेना, म्हणून...

"मेव्हणे, ठिगळ लावा."

तेव्हा मी खरं सांगितलं. हा शब्द आधी कपड्याचा नव्हताच, कापडाचा होता. एका बंदराजवळच्या वस्तीत हे जाडंभरडं कापड विकलं जायचं, वस्तीचं नाव त्याला चिकटलं. जहाजवाले शिडांसाठी न्यायचे. खलाशी त्याच्याच विजारी शिवायचे. नाव असं देशोदेशी फिरलं आणि कापडावरून कपड्यावर आलं. वारा सोसायचा, मार खायचा, एवढंच त्या कापडाचं काम.

"म्हणजे खलाशीच ना? गडीच."

"घालणारे गडी. पण सूत कातणाऱ्या बायाच असणार, दाजी."

"हीपण थापच."

"थाप असती तर हत्ती घातला असता."

ते माझ्या हातातल्या स्वतःच्या डांगरीकडे बघू लागले. खांद्यावरचा रंग उडून पांढुरका झाला होता. तेवढ्यात भाची माप द्यायला आली. बाप बाकड्यावर बघून दारातच थबकली. मी हाक मारून आत घेतलं. छाती, खांदा, बाही घेतली. पायाची लांबी मोजून, गड्यांची करतो तशी खाली दोन बोटं दुमड धरली.

"दुमड नको," दाजी म्हणाले.

मी वर बघितलं.

"वेल्डिंगच्या ठिणग्या दुमडीत साठतात. पोटरी भाजली तरी कळत नाही. खिशांनाही झाकणं लावा."

भाचीनं पाय थोडा पुढे केला. दाजी उठले, वाकले आणि डांगरी बुटावर कुठवर यायला हवी, ते त्यांनी स्वतः बोटानं दाखवलं.