वळणापुरती ढील

मेकॅनिकने आधी मोजून घेतलं. चार चाकं, चाकांचा वेग मोजणारे चार सेन्सर, प्रत्येक सेन्सरला दोन वायरी, एकूण आठ. लिफ्टवर छातीइतक्या उंच चढवलेल्या गाडीखाली ती वाकली आणि एकेका वायरीच्या दोन्ही टोकांना मीटरच्या पिना लावत गेली. धड वायरीचा आकडा अर्ध्या ओहमच्या आत यायला हवा. आठही वेळा तो तसाच आला.

"बघ," मुलगा म्हणाला.

आई भिंतीलगतच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. "काय बघू? ब्रेक पोकळ होतो म्हणजे होतो. पाय माझा आहे."

"पाय तुझा आहे म्हणूनच काळजी वाटते."

गेल्या महिन्यात आईने गाडी स्वतःच्याच फाटकावर घातली होती. तेव्हापासून किल्ली मुलाच्या खिशात होती. गाडीच्या संगणकात पुढच्या डाव्या सेन्सरचा सिग्नल तुटल्याची नोंद होती. पण धडकेने सिग्नल तुटला की सिग्नल तुटल्याने धडक बसली, हे संगणकाला सांगता येत नव्हतं. हायब्रिड गाडीत ब्रेक दाबला की अर्धं काम मोटर करते. सिग्नल गेला तर मोटर अंग काढून घेते आणि क्षणभर पायाखाली काहीच लागत नाही. दोष सापडला नाही तर गाडी विकायची, असं निघताना ठरलं होतं. म्हणजे मुलाने ठरवलं होतं, आणि आईने चपला घातल्या होत्या.

"काकू, हे नेमकं कधी होतं?" मेकॅनिकने विचारलं.

"फाटकातून आत घेताना. चाक पार डावीकडे गेलं की."

"सरळ रस्त्यावर?"

"एकदाही नाही. रोज तिघी मैत्रिणींना पोहायला न्यायचे, विचारा त्यांना."

"त्या फुकट बसायच्या तुझ्या गाडीत," मुलगा म्हणाला. "त्या कशाला तुझ्याविरुद्ध बोलतील?"

मेकॅनिकने पिना पुन्हा पुढच्या डाव्या चाकाच्या वायरीला लावल्या, मीटर टायरवर टेकवला आणि दोन्ही हातांनी चाक डावीकडे ढकललं. शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात आकडा थरथरला आणि गेला. चाक सरळ केलं. आकडा परत आला. तिने तेच आणखी तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच झालं.

मुलगा जवळ आला.

तिने वायरीवरून बोटं फिरवत नेली. वरचं आवरण कुठेही फाटलेलं नव्हतं, पण एका जागी ती बोटाखाली मऊ पडली. आतलं तांबं तुटलं होतं. त्याच्या जरा वर एका लाल केबल टायने वायर चाकामागच्या दांड्याला घट्ट आवळली होती.

"हा कंपनीचा नाही," ती म्हणाली. "इथे वायर लोंबती सोडलेली असते. चाक वळलं की तिला तेवढी ढील लागते. कोणीतरी ती आवरून ठेवली, मग प्रत्येक वळणाला ताण बसत गेला."

तिने टाय कापून काढला. आई उठून आली. टायचं उरलेलं टोक आगीवर धरून गोल केलेलं होतं, हाताला टोचू नये म्हणून. आईने त्यावरून अंगठा फिरवला. घरी बागेतला पाइप, टीव्हीमागच्या वायरी, तिच्या काठीला अडकवलेली दोरी, सगळ्याला असेच लाल टाय होते आणि सगळ्यांची टोकं अशीच भाजलेली. मुलाला लोंबतं काही बघवत नसे.

"टायरवाल्याने बांधलं असेल," आई म्हणाली. "मागे टायर बदलले ना आपण."

"टायरवाले टोकं भाजत बसत नाहीत, काकू."

"एखादा असतो हौशी."

मुलगा मीटरकडे बघत होता. मीटर बंद होता.

मेकॅनिकने तुटका भाग काढून त्या जागी लवचीक वायरीचा नवा तुकडा जोडला, जोडावर नळी चढवली आणि गरम हवेने ती आवळून घेतली. मधे एक सैल वळसा सोडला. मग मीटर लावून तिने लिफ्ट खाली घेतली, चाकं जमिनीपासून वीतभर वर राहतील इतकीच.

"आता स्टिअरिंग आतून फिरवून बघू. किल्ली द्या."

मुलाने खिशातून किल्ली काढली. मेकॅनिकचा हात पुढे होता. त्याने किल्ली आईच्या हातात ठेवली.

आईने पर्स त्याच्याकडे दिली, जपून आत चढली, सीट पुढे ओढली आणि गाडी सुरू केली. "किती फिरवू?"

"फाटकात फिरवतेस तेवढं," मुलगा म्हणाला.

तिने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, पार अडेपर्यंत, आणि तिथेच धरून ठेवलं. मुलगा पर्स काखेत घेऊन मीटरपाशी उकिडवा बसला.

"काय आलं?" आईने आतून विचारलं.

"शून्य पूर्णांक तीन ओहम."