यादीतलं शेवटचं नाव

मित्रांनो, मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. अंगावर टाचण्यांची इतकी भोकं आहेत, की कुणी चाळण म्हटलं तरी मला राग येत नाही. सुताराने मला घडवलं आणि मी पुलांचे आराखडे काढणाऱ्या कचेरीत दाखल झालो. तिथे एका बाईंनी माझ्यावर बावीस वर्षं रेघा ओढल्या. "यांची रेघ म्हणजे रेघ," असं साहेब म्हणायचे, तेव्हा मीही फुगायचो. मग संगणक आले. बाईंनी मला घरी आणलं आणि मी कपाटामागे धूळ खात राहिलो.

यंदा त्यांच्या भाचीने मला बाहेर ओढलं. तिला इंजिनीअरिंगचे अर्ज भरायचे होते. मांडीवर मला घेऊन तिने पाच कॉलेजांची नावं लिहिली. पाचही भल्याभल्यांना घाम फोडणारी.

"यात कुठेच नाही लागलं तर?" बाईंनी विचारलं.

"लागेल गं, मावशी."

तशी बाई म्हणाल्या, "मी एकच नाव लिहिलं होतं. सगळ्यात मोठं. तिथून नकार येईपर्यंत बाकीच्यांची मुदत संपली. मग जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यातले पूल कागदावर उतरवले."

मी चाट पडलो. त्यांचा हात इतकी वर्षं माझ्यावर होता, आणि मला याचा पत्ताच नव्हता.

भाचीने दोन नावं खोडली. एक तिच्या गुणांना साजेसं लिहिलं, आणि शेवटी हमखास मिळेल असं एक छोटं कॉलेज. "हे आपलं नावापुरतं," ती म्हणाली.

"जिथे जायला जिवावर येईल, ते लिहायचंच कशाला? चल, बघून येऊ."

संध्याकाळी दोघी परतल्या तेव्हा भाचीची बडबड थांबेना. तिथल्या सरांनी तिच्यासमोर यंत्रात काँक्रीटचा ठोकळा दाबून फोडला होता. "मावशी, फुटायच्या आधी तो करकरला. आतून आधीच तुटत असेल का?"

"कुणास ठाऊक. तेच तर शिकायचं होतं मला."

वरच्या चारही कॉलेजांनी नकार कळवला. भाची एक दिवस रडली, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पाचव्या कॉलेजासाठी बॅग भरली. आता दर रविवारी ती फोनवर आठवडाभराचा धडा सांगते आणि बाई माझ्यावर वही ठेवून टिपून घेतात. अडलं की पुन्हा विचारतात.

मित्रांनो, वरची नावं बेधडक लिहा. पण शेवटचं नाव लिहिण्याआधी तिथला जिना एकदा चढून या. आणि तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांनी कोणतं नाव लिहिलं होतं. बहुतेक त्यांना हे अजून कुणी विचारलेलं नसेल.