उजवीकडचा चौकोन

शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख दुरुस्त करून घेण्याचा छापील अर्ज अमरावतीच्या आमच्या कचेरीत मी तयार केला होता. साल १९६१. अर्जाच्या तळाशी दोन चौकोन होते. डावीकडे 'दुरुस्ती कायम करावी' आणि उजवीकडे, भरता भरता कोणाचं मन बदललं तर सोय असावी म्हणून, 'अर्ज रद्द करावा'. हव्या त्या चौकोनात सही करायची. दोन्ही चौकोन मी पट्टीनं मोजून सारखे आखले होते. असा अर्ज अख्ख्या विदर्भात नाही, हे मी कोणी न विचारताही सांगत असे.

महिनाभरात एकेचाळीस अर्ज आले. त्यातले तेहतीस लोकांनी स्वतःच रद्द केले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. 'या भागातील जनता चंचल आहे,' असा शेरा मी साहेबांना लिहून दिला आणि रद्द झालेला अर्ज वर्षभर पुन्हा घेऊ नये, असा नियमही सुचवला. साहेबांनी तो मंजूर केला. हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती, त्यामुळे मला सारखं काहीतरी सुचत होतं.

एका बुधवारी दर्यापूरचे देवमन आपल्या मुलीला घेऊन आले. ललिताला अकोल्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली होती. पण पहिलीत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं तारीख टाकलेली, त्यामुळे ती कागदावर एका वर्षानं लहान पडत होती. शनिवारपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर जागा जाणार होती. आणि तिचा अर्ज माझ्या फायलीत रद्द होऊन पडला होता.

मी तो काढून दाखवला. तूच रद्द केलास, आता वर्षभर काही होत नाही, असं सांगितलं. वर मास्तरीण होणाऱ्या मुलीनं वाचून सही करावी, असंही ऐकवलं.

"वाचलं होतं बाबूजी," ती म्हणाली. "पन सही करतानी हात तिकडंच गेला."

देवमन म्हणाले, "नागपूरहून दीक्षा घेऊन आलो तवाच ठरवलं होतं, पोरीले मास्तरीन करीन. वर्षभर तिची जागा कोन ठेवते?"

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर अर्जाचा अपमान जास्त लागला. तो किती सोपा आहे हे दाखवायला मी एक कोरा अर्ज ओढला. 'चुकीची नोंद' या रकान्यात लिहिलं, ज्युनिअर क्लार्क. 'बरोबर नोंद' या रकान्यात, हेडक्लार्क. मनातलं हातातून उतरलं. मग ऐटीत सही ठोकली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

देवमनना वाचता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले.

"बाबूजी, तुमी बी तिथंच केली."

खरंच तिथंच केली होती. अठरा वर्षं प्रत्येक सरकारी कागदावर खाली उजव्या कोपऱ्यात सही करत आलो होतो. ते बोट ठेवून दाखवेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही. चंचल जनतेत मीही जमा झालो.

तो कागद फाडून टाकावासा फार वाटला. पण अर्जच चुकीचा आहे हे पटवल्याशिवाय साहेब नियम मागे घेणार नव्हते, आणि त्याहून चांगला पुरावा माझ्याकडे नव्हता. दोन्ही कागद घेऊन आत गेलो.

साहेबांनी 'हेडक्लार्क' वाचलं, माझ्याकडे पाहिलं, परत वाचलं. मी म्हटलं, "साहेब, लोक चंचल नाहीत. अर्ज चुकला आहे आणि तो मी केला आहे."

नियम त्याच दिवशी मागे घेतला गेला. ललिता दुरुस्त दाखला घेऊन शुक्रवारच्या मोटारीनं अकोल्याला गेली. उरलेल्या बत्तीस जणांना मी स्वतःच्या हातानं माफीची पत्रं लिहिली.

हेडक्लार्कची जागा खुशालरावांना मिळाली. नव्या अर्जाचा नमुना माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, छापायच्या आधी कोणाला दाखवायचा, साहेबांना की कमिशनरला?

मी म्हटलं, "दर्यापूरच्या देवमनना."