रेघेला फुटलेला फाटा

सकाळी यंत्राच्या खोलीत आधी मामा येतात. दाराबाहेर चपला काढतात, पंपाचा आवाज कान देऊन ऐकतात, थंड पाण्याच्या नळीवरून हात फिरवतात आणि मगच दिवा लावतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवता चालवता त्यांचे केस पिकले. मित्रांनो, त्या सूक्ष्मदर्शकाच्या उंच नळकांड्यात बसवलेली मी एक जुनी जाळी आहे.

केसाच्या जाडीहूनही लहान पडद्यावर माझ्या रेघा कोरल्या, तेव्हा मधल्या रेघेला मुद्दाम फाटा फोडला. पाहणाऱ्याला ती चूक वाटे. पण त्या फाट्यामुळेच माझ्यातून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या झोताला पीळ पडतो. एका बाजूला उजव्या पिळाचा झोत निघतो, दुसऱ्या बाजूला डाव्या पिळाचा. झोतांच्या वाटेत ठेवलेला चुंबकाचा कण या दोन झोतांना वेगवेगळे उत्तर देतो. तो फरक माझ्यातून प्रथम दिसला, तेव्हा संशोधन करणाऱ्या ताईंनी माझे फार कौतुक केले. त्यावर त्यांनी शोधनिबंध लिहून पाठवला. तो छापून आला, तरच त्यांची नोकरी टिकणार होती.

मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून प्रत्येक झोत माझ्यावर थोडी काजळी ठेवून जाई. ती रेघांच्या एकाच कडेला साचत गेली आणि माझे दोन झोत सारखे उरले नाहीत. माझ्याकडे कोणी पाहिले नाही; सगळे माझ्यातून पाहत होते.

आज ताई संगणकाच्या पडद्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा तपासत होत्या.

"मामा, कण आत आहे का हो?"

"आत्ता तुम्हीच काढलात की! चहा झालेला दिसत नाही."

"मग हा फरक कुठून येतोय?"

मामांचे हसू मावळले. "जाळीचा?"

"पहिल्यापासून जाळीचाच. कण काही बोललाच नव्हता."

"साफ करून बघू या."

"फाटेल ती. आणि नाही फाटली, तरी लिहिलेलं खरं होणार आहे का?"

"ताई, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना. तीच पंचाईत आहे."

मित्रांनो, ज्यातून पाहता, त्याच्याकडेही अधूनमधून पाहत जा. माझ्यासाठी आता उशीर झाला आहे.

ताईंनी निबंध मागे घेतल्याचे दोन ओळींत कळवले. मग नळकांड्यात हवा सोडली, चिमट्याने मला उचलून डबीत ठेवले आणि माझ्या जागी साध्या गोल भोकाची चकती बसवली. मामांनी पंप सुरू केला.