विस्तवाला हात कुणी लावायचा

घर तापवणारा आमचा जुना बॉयलर मधल्या खोलीत गॅसच्या शेगडीमागे, भिंतीत दडलेला होता. त्याला एक ते पाच आकड्यांचं बटण होतं, तेही अगदी जमिनीलगत. पाच म्हणजे ख्रिसमस आणि एक म्हणजे काटकसर, एवढंच मला ठाऊक. जानेवारीतल्या एका सकाळी तो बंद पडला. गॅसची कामं करणाऱ्या डीन ओल्डरॉइडने गुडघे टेकून आत पाहिलं आणि मान हलवली.

"गेला, आँटी मेव्हिस. याचे भाग आता मिळत नाहीत. नवा घ्या, स्वयंपाकघरात टांगतो."

"टांग. पण गुरुवारच्या आत. गुरुवारी बेरिल येतेय."

बेरिल माझी नणंद, रॉयची थोरली बहीण. पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. जिना चढणं बंद, म्हणून तिला खालच्या पुढच्या खोलीत ठेवायचं ठरलं होतं. इस्पितळातल्या लोकांनी बजावलं होतं, थोडे दिवस तुमच्याकडे ठेवून बघू. घर पुरेसं उबदार नसलं तर वेकफील्डच्या वृद्धाश्रमात तिच्यासाठी जागा धरून ठेवली आहे. मला ते नको होतं. रॉय गेला, गल्लीतले आमच्या वयाचे सगळे गेले. कोण कुणाचं हे आधी समजावून न देता जिच्याशी बोलता येईल, अशी बेरिल एकटीच उरली होती.

"नुसता बॉयलर टांगून भागत नाही आता," डीन म्हणाला. "नियम आहेत. कधी चालू, कधी बंद, त्याला घड्याळ हवं. खोली किती तापवायची ते ठरवणारा थर्मोस्टॅट हवा. आणि वर गॅस वाचवणारं आणखी एक काहीतरी हवं. मी बाहेरच्या भिंतीवर एक डबी लावतो. बाहेर गारठा किती आहे ते ती बॉयलरला सांगत राहते."

"ते काम रॉय करायचा. दार उघडून डोकं बाहेर काढायचा आणि म्हणायचा, आण कोळशाची आणखी एक बादली."

"आणि घड्याळाचं काम?"

"खाणीचा भोंगा."

डीन हसला. त्याचा बाप ट्रेव्हर खाणीत आमच्या रॉयच्याच पाळीत होता, त्यामुळे त्याला भोंगा वेगळा सांगावा लागला नाही.

तो शेगडीमागची भिंत फोडत होता आणि मी तिथेच खुर्चीवर बसून होते. गॅसच्या आधी त्याच जागी कोळशाची शेगडी होती. खाणीची लॉरी आमच्या वाट्याचा कोळसा दारात ओतून जायची आणि तो फावड्याने मागच्या कोठीत भरता भरता दिवस जायचा. घरात ऊब असायची ती एका खोलीत. पोरं शेगडीपुढेच कपडे बदलायची आणि मग बर्फासारख्या अंथरुणात उड्या मारायची. वरच्या खिडक्यांना काचेच्या आतून हिमाची नक्षी धरायची. पहाटे मी राख उकरायची आणि खाली रात्रीचा एखादा निखारा लाल सापडला की कुणीतरी माझी वाट बघत जागं राहिल्यासारखं वाटायचं. काडी लावायची गरज नाही, दोन लाकडाच्या ढलप्या, थोडी फुंकर, झालं.

"थर्मोस्टॅट कुठे लावू?" डीनने विचारलं.

"स्वयंपाकघरात. माणसं तिथेच बसतात."

"तिथे नको. तुम्ही ओव्हन लावलात की त्याला वाटणार, घर तापलं. तो बॉयलर बंद करणार आणि आँटी बेरिल पुढच्या खोलीत गारठणार. ती जिथे, तिथे तो."

मग त्याने तो पुढच्या खोलीत, बेरिलच्या खुर्चीशेजारी हाताला येईल असा लावला. घरातल्या बाकीच्या रेडिएटरना, म्हणजे भिंतीवरच्या गरम पाण्याच्या पाट्यांना, ऊब कमीजास्त करायची ज्याची त्याची चावी बसवली, त्या एका खोलीतल्याला नाही बसवली.

"एका खोलीत दोन मालक नकोत," तो म्हणाला. "एक उघडतो, दुसरा मिटतो."

गुरुवारी बेरिल आली. काठी टेकत दारात थांबली आणि तिने खोलीभर नजर फिरवली. पुढची खोली आमच्याकडे वापरायची नसते. ख्रिसमसला उघडते आणि कुणी गेलं की उघडते. सासूबाईंची शवपेटी तिथेच ठेवली होती, रॉयचीसुद्धा.

"मला इथे ठेवतेस? अजून जिवंत आहे मी, मेव्हिस."

"म्हणून तर खुर्ची मांडली. नाहीतर पेटीखाली दोन स्टुलं पुरली असती."

ती खुश झाली. मी तिला थर्मोस्टॅटचं गोल बटण दाखवलं. म्हटलं, "थंडी वाटली तर फिरव हं, संकोच करू नकोस."

"बरं," बेरिल म्हणाली.

पुढचे दिवस मजेत गेले. मी ओव्हनमध्ये काहीबाही भाजायची, ट्रे घेऊन पुढे जायची आणि आम्ही गेलेल्या माणसांची उणीदुणी काढत बसायचो. बेरिल अंगावर कोट घालून आणि गुडघ्यांवर शाल घेऊन बसायची. बरं आहे ना, विचारलं की मस्त म्हणायची. तिला पहिल्यापासून गारवा आवडतो, असं मी धरून चालले.

सोमवारी नर्स आली, लिन्सी. केरळची आहे, पण आमच्या हिवाळ्याला आमच्याहून जास्त शिव्या देते. तिने बेरिलचे हात हातात घेतले आणि पिशवीतून तापमापक काढून टेबलावर ठेवला.

"खोलीत सोळाच अंश. या वयाला हे चालणार नाही, मेव्हिस. बॉयलर तपासून घ्या. गुरुवारी येते मी. तेव्हाही असंच असलं तर मला कळवावं लागेल."

कुणाला, ते तिने सांगितलं नाही. बेरिल खिडकीबाहेर बघत राहिली.

मी डीनला फोन करून चांगलंच फैलावर घेतलं. तो आला, बाहेरची डबी पाहिली, बॉयलर पाहिला आणि मग पुढच्या खोलीत येऊन उभा राहिला.

"काही बिघडलेलं नाही. सोळा मागितलं, सोळा दिलं. चाचणी घेताना मीच सोळावर ठेवला होता. त्यानंतर कुणी फिरवला?"

"मी नाही," बेरिल म्हणाली. "घर मेव्हिसचं. दुसरीच्या विस्तवाला मी हात लावू?"

"आणि तुम्ही, आँटी मेव्हिस?"

"खोली तिची. तिच्या खोलीत शिरून तिचा विस्तव मी ढोसू? मग ती भाडेकरूच झाली की."

डीनने आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"म्हणजे तुम्ही दोघी रीतभात सांभाळत गोठत बसलात. यावर माझ्याकडे नियम नाही. चहा आहे का?" असं म्हणून तो स्वयंपाकघरात गेला.

आमच्या गल्लीत घराचा विस्तव त्या घरच्या बाईचा असे. पाहुण्याने चहा प्यावा, हवा तितका केक खावा, पण वर्षानुवर्षांची ओळख असल्याशिवाय शेगडीची सळई उचलू नये. लग्नाआधी मी पहिल्यांदा रॉयच्या घरी गेले तेव्हा विस्तव मंदावला होता. उपयोगी पडावं म्हणून मी सळई घेऊन ढोसला. सासूबाईंनी सळई माझ्या हातातून काढून जागेवर ठेवली. टेबलाशी बटाटे सोलत बसलेली बेरिल एप्रनमध्ये तोंड खुपसून हसत होती. लग्नानंतर त्या घरात मी अख्खा हिवाळा काढला, सळईला शिवले नाही. मग एका संध्याकाळी सासूबाईंचे हात कणकेत होते. त्यांनी वर न बघताच म्हटलं, "मेव्हिस, विस्तव बघ." जमलं तर, वाटलं तर, असलं काही नाही. त्या रात्री मी रॉयला सांगितलं, आता मी या घरची झाले.

आणि बेरिलला मी काय म्हणाले होते? संकोच करू नकोस. असं आपण पाहुण्यांना म्हणतो.

मी टेबलावरचे रिकामे कप ट्रेमध्ये गोळा करायला लागले. वर न बघता म्हटलं, "बेरिल, विस्तव बघ."

मी कप उचलत राहिले. मग खुर्ची करकरली.

"इतके दिवस गारठवलंस," ती म्हणाली, "आणि आता कामाला जुंपतेस. अगदी आईवर गेलीस."

बटण फिरल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरात बॉयलर पेटला आणि डीन भरल्या तोंडाने ओरडला, "आता कसं."

गुरुवारी लिन्सीने आल्या आल्या कोट काढला, थोड्या वेळाने स्वेटरही काढला. बेरिलचे हात धरून ती समाधानाने हसली.

"वेकफील्डची जागा दुसऱ्या कुणाला देऊ दे त्यांना. मी सांगते तसं. पण बाई, इथे भट्टी लावलीत. एवढं नको, थोडं कमी करते मी."

तिने बटणाकडे हात नेला. बेरिलची काठी मध्ये आडवी आली.

"आपली ओळख कधीपासूनची गं?"

"गेल्या सोमवारपासूनची."

"मग बस तिकडे," बेरिल म्हणाली. "मेव्हिस चहा आणतेय."