अंटार्क्टिकावर टाकलेला रुमाल

रिकीला कुणाची खेचल्याशिवाय जेवण पचायचं नाही. पण त्या दुपारी सिडनीजवळच्या ब्लॅकटाउनला, सेलिनच्या किचनमध्ये, त्याच्या घशाखाली साधा चहा उतरेना.

सेलिनचा नवरा मार्टिन म्हणजे रिकीचा वसईपासूनचा दोस्त. अंटार्क्टिकाच्या ऑस्ट्रेलियन स्टेशनवर इलेक्ट्रिशियन म्हणून जायचं, हे त्याचं कधीपासूनचं वेड. शेवटी नंबर लागला. निघताना रिकीने त्याच्या खिशात चौकड्यांचा रुमाल कोंबला.

"एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायचो ना आपण? सात देशांनी तिथे तेच केलंय. सगळ्यात मोठा रुमाल आपल्या ऑस्ट्रेलियाचा. खाली तेल असेल म्हणून सगळे टपून बसलेत, पण खोदायला बंदी, मग म्हणायचं संशोधन चाललंय. तू वसईचा टाकून ये."

तसलाच दुसरा रुमाल त्याने मार्टिनच्या जेवायच्या खुर्चीवर टाकला. "ही सीट तू येईपर्यंत रिझर्व्ह."

आणि मार्टिनने खरंच टाकला की. दुसऱ्या एका देशाच्या कॅम्पवर हीटर दुरुस्त करायला गेला, तिथल्या ट्रॅक्टरच्या सीटवर रुमाल ठेवून फोटो काढला. फक्त रिकीला पाठवला. 'कोणाला दाखवू नको.' रिकीने त्यावर इंग्रजीत ठोकलं, 'सीट आमची, खालचं तेल पण आमचं', आणि नाव न देता एका मीम पेजवर सोडून दिला. दिवसभर एकटाच हसत होता. मग तो फोटो त्या देशाच्या पेपरात आला.

"मार्टिनचे ऑफिसवाले म्हणतात, फोटो नेटवर कोणी टाकला ते सांग, नाहीतर पुढच्या विमानाने घरी," सेलिन म्हणाली. "हा नाव घेत नाही. तुझ्या सगळीकडे ओळखी, रिकी. शोध ना तो हलकट कोण आहे."

"सापडला तर काय करशील?"

"इथे बसवीन आणि मार्टिनला फोन लावीन."

"लाव मग," रिकी म्हणाला. "बसलाय तो."

सेलिनने फोन लावून त्याच्यापुढे सरकवला.

"माझं नाव का नाही सांगितलंस रे?"

"तुझा सिटिझनशिपचा अर्ज चालू आहे, तो लटकला असता," मार्टिन म्हणाला. "आणि फोटो तर मीच काढला ना." मग म्हणाला, "दाखवू नको म्हटलं होतं, मेल्या."

त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. रिकीने तिथेच बसून ऑफिसला मेल केला. माझं नाव, माझा फोन नंबर, ते वाक्य माझं, त्याला काही करू नका.

दोन दिवसांनी उत्तर आलं, भलतं सभ्य. कळवल्याबद्दल आभार, पण फोटो त्याने काढला होता, त्याला परत पाठवायचा निर्णय झालाय, तो बदलणार नाही.

रिकी ते दाखवायला आला. सेलिनने उभ्यानेच वाचलं. मग मार्टिनच्या खुर्चीवरचा रुमाल उचलला, नीट घडी घातली आणि रिकीच्या हातात ठेवला.

"घेऊन जा हा. शुक्रवारी येतोय तो."