चढावरची गल्ली

बाबा गेले त्याला तीन आठवडे झाले, तेव्हा मी पहिल्यांदा आमच्या कंपनीच्या ट्रकमध्ये बसले. आमच्या दोघांत खरं कोणाचं होतं, ते मला आता एकटीनंच बघायचं होतं.

गाड्यांनी कुठून जायचं हे कंपनीत मी ठरवते. दोन वर्षांपूर्वी गोदाम ते मालधक्का हा मार्ग मी बाहेरच्या रस्त्यावरून काढून आमच्या घराजवळच्या गल्लीतून वळवला. चार किलोमीटर वाचले. साहेबांनी पाठ थोपटली. घरी मात्र बाबांचा घास हातातच राहिला.

"अगं, त्या चढावर भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये रडते. वर पुन्हा सिग्नल. अंतर कमी, पण डिझेल जास्त खाणार. आणि धूर आपल्या घरात."

"बाबा, हे संगणकावर काढलंय."

"मग त्यालाच म्हणावं, एकदा चढव गाडी त्या चढावर."

तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. दमा वाढला तरी गॅलरीतली खुर्ची त्यांनी सोडली नाही. खाली गाडी कण्हायला लागली की म्हणायचे, "आला बघ तुझा कारभार." आई चिडायची, मी हसायचे.

"टाकी काठोकाठ भर, फेरी मार, परत भर. दोन्ही रस्त्यांनी. मी येतो सोबत." बाबा तीनदा म्हणाले. महिनाअखेरीची गडबड संपली की जाऊ, असं मी तीनदा म्हणाले. मग त्यांना जिना उतरवेना.

ट्रकवरचे ड्रायव्हर काका बाबांच्याच हाताखाली शिकलेले. "सापडला का वेळ उस्तादांच्या पोरीला?" असं बोलून गेले आणि त्यांनी किल्ली फिरवली. दोन दिवस तीच गाडी, तेवढाच माल, तीच वेळ. बाहेरून फेरीला दीड लिटर कमी लागलं. ऑफिसात कोणी पाहिलंच नव्हतं; आम्ही सगळ्या मार्गांचं डिझेल एकत्र धरत होतो.

बाबांच्या डॉक्टरांना विचारलं, दमा वाढण्यात त्या धुराचा वाटा किती असेल? "असं वेगळं काढता येत नाही," ते म्हणाले. माझं काम काय, हे त्यांना माहीत नव्हतं.

सोमवारपासून मी गाड्या बाहेरून पाठवल्या. दुपारी आईनं विचारलं, "आज खाली आवाज कसा नाही गं?"

मी सांगितलं. बाबांचं खरं होतं, हेही सांगितलं.

"कितीचा फरक निघाला?"

"फेरीला दीड लिटर."

"दीडच?"

दिवसाला साठ फेऱ्या, दोन वर्षं, असा गुणाकार मी तिच्यापुढे केला नाही. ती उठली. मग ओलं फडकं घेऊन कपाटाचा माथा पुसायला लागली. फडकं काळं झालं. तिनं ते धुतलं, पुन्हा पुसलं, पुन्हा काळं झालं.

मी दुसरं फडकं भिजवून आणलं.